गोधडीतला क्विनोआ

तिसऱ्यांदा पाणी बदललं तरी पातेल्यात फेस येतच होता. नंदकिशोर गोगटेने पातेलं नाकाशी नेऊन हुंगलं, मग मोरीत जाऊन कपड्यांच्या साबणाची वडी जागेवर आहे का ते पाहिलं. वडी होती, आणि कोरडी होती. म्हणजे फेस धान्याचाच होता.

"भावजी, पातेल्यात कपडे धुताय काय?"

समोरच्या ब्लॉकमधल्या विमलावहिनी पेडणेकर उघड्या दारातून थेट ओट्यापर्यंत आल्या होत्या. कांदिवलीच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं होती, त्यामुळे दार वाजवायची पद्धत नव्हती.

"कपडे नाहीत वहिनी. रात्रीचं जेवण आहे."

वहिनींनी फेसात बोट बुडवून चार दाणे वर काढले आणि उजेडात धरले. "नाव काय ह्याचा?"

"क्विनोआ."

"कोणाचा ता नाय इचारलंय. नाव काय ता सांगा."

"अहो, नावच क्विनोआ. अमेरिकेहून आलाय. शुभाच्या मावसभावाने पाठवला, चंद्रप्रकाशने. यात गव्हाचा अंशसुद्धा नसतो."

गव्हाचा अंश नसणं, हा गोगट्यांच्या घरात सध्या सर्वांत मोठा गुण होता. शुभाचं पोट दोन वर्षं दुखत होतं आणि दोन वर्षं नंदकिशोर तिला 'तू फार विचार करतेस' असं सांगत होता. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून निदान केलं की बाईंना गहूच सोसत नाही. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं कायमचं बंद. त्या दिवसापासून नंदकिशोर हात धुऊन गव्हाच्या मागे लागला. गव्हाचा डबा त्याने विमलावहिनींना देऊन टाकला. पोळपाट माळ्यावर गेला. हिंगात कणीक मिसळतात असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं, त्या संध्याकाळी हिंगाची डबीही समोरच्या घरी पोहोचली. शुभा हे सगळं शांतपणे बघत होती आणि दोन्ही वेळा भात खात होती.

आणि आज रुक्मिणीबाई यायच्या होत्या. शुभाच्या आई. गुहागरहून त्यांनी ट्रंककॉल करून सांगितलं होतं, "तिथे तिच्या खाण्याकडे बघायला कोण आहे? मी येते आणि दोन महिने तिला घेऊन जाते." त्यावर शुभा नुसतं "बरं" म्हणाली होती. ते 'बरं' नंदकिशोरच्या जिव्हारी लागलं होतं. ती भांडली असती, रडली असती, तर त्याला समजूत तरी घालता आली असती. तिने फक्त माळ्यावरची बॅग काढून ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती. दोन महिने या घरात एकट्याने कुलूप उघडून शिरायचं, ही कल्पना त्याला सहन होत नव्हती. म्हणून त्याने ठरवलं होतं की सासूबाईंच्या पहिल्याच जेवणात त्यांना दाखवून द्यायचं. आज शनिवारची रजा टाकली होती. शुभा आईला आणायला बोरिवलीच्या एसटी स्टँडवर जाणार होती, आणि त्याआधी अर्धा दिवस तिचं ऑफिस होतं. स्वयंपाकघर पूर्णपणे त्याच्या ताब्यात होतं.

"शिजवतात कसा ह्या?" वहिनींनी विचारलं.

"तीच तर अडचण आहे. पाकिटामागे लिहिलंय की भाज्या, डाळ घालून स्लो कुकरमध्ये शिजवावा. चंद्रप्रकाशकडे तसं विजेचं भांडं आहे. सकाळी लावून जायचं, संध्याकाळी येऊन जेवायचं. मंद शिजलं की सगळं सत्त्व आतच राहतं म्हणे."

"त्याका वीज कित्याक व्हयी? आमची म्हातारी भाताचो टोप उकळी इली की पेंढ्यात पुरून ठेवायची. शेतावरना येईपर्यंत भात तयार."

नंदकिशोरचे डोळे चमकले. कांदिवलीत पेंढा मिळणं कठीण होतं, पण ऊब धरून ठेवणारी वस्तू घरात होती. सासूबाईंनी लग्नात दिलेली, आठ-दहा जुन्या नऊवारींची जाडजूड गोधडी. ती पांघरली की मे महिन्यातच नव्हे, डिसेंबरातही घाम फुटायचा.

"वहिनी, तुम्ही ग्रेट आहात!"

"ता ऱ्हवांदे. मी इल्लंय अंथरुणांसाठी. उद्या आमच्या सुलक्षणाचो साखरपुडो, आणि माणसां आजच उतरली. तुमच्याकडची दोन-चार पांघरुणां…"

"न्या ना! आतल्या खाटेवर सगळं रचून ठेवलंय. किल्ली तुमच्याकडे असतेच. कधीही या आणि उचला." नंदकिशोर एवढा खूश होता की त्या क्षणी कोणी खाट मागितली असती तरी त्याने दिली असती.

फेस एकदाचा थांबला. त्याने तुपात जिरं टाकलं, दुधी, गाजर, मूगडाळ परतली, क्विनोआ घातला, सणसणीत उकळी आणली, आणि सगळं कड्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ओतलं. सहलीला आमटी न्यायचा तो डबा. कड्या लावल्या की उलटा केला तरी थेंब सांडायचा नाही. डब्याभोवती वर्तमानपत्रं, त्यावर पंचा, त्यावर सासूबाईंची गोधडी, आणि वरून पायजम्याची नाडी. ते गाठोडं कुठे ठेवावं म्हणून त्याने घरभर नजर फिरवली. ओट्यावर धक्का लागेल, जमिनीवर फरशी गार. मऊ आणि सुरक्षित जागा एकच होती, ती म्हणजे आतली खाट. रचलेल्या पांघरुणांच्या वर त्याने ते अलगद ठेवलं, थोपटलं, आणि दही, कोथिंबीर नि सासूबाईंसाठी केळी आणायला पिशवी घेऊन शिट्टी वाजवत बाहेर पडला.

दह्याच्या दुकानात गर्दी होती. तिथून परत येऊन त्याने आधी हात धुतले, मग आपल्या जेवणाची विचारपूस करायला आत गेला. खाट रिकामी होती. गादीखालचा चौकड्यांचा कपडासुद्धा गेला होता.

तो तसाच समोरच्या दारात धावला. जिन्यातच विमलावहिनींचा दीर बाळा भेटला.

"बाळा, आमची पांघरुणं?"

"नेली ना, नंदूदादा. एकदम झकास काम झालं. सगळी पोचवली."

"त्यात एक गोधडी होती, नाडीने बांधलेली…"

"ती? काय जड आहे यार! आणि गरम. मला वाटलं, शुभावहिनींनी गॅलरीत उन्हात घातली असेल. सोडणार होतो, पण धाकूमामा म्हणाले तशीच दे, टेकायला बरी."

"कोण धाकूमामा?"

बाळाने आवाज खाली आणला. "आमच्या वहिनीचे मामा, कुडाळचे. हे स्थळ त्यांनीच आणलंय. मुलाकडचे फक्त त्यांचंच ऐकतात. आणि जाम रुसके आहेत. आज सकाळी चहा गार दिला म्हणून बॅग उचलून निघाले होते."

पेडणेकरांच्या बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची पथारी पसरली होती. कोणी घोरत होतं, कोणी पानाला चुना लावत होतं. भिंतीशी, सर्वांत चांगल्या जागी, एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पाय लांब करून बसले होते. त्यांच्या कमरेमागे गोधडीचं गाठोडं होतं. डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं समाधान, की हलवायचा धीर होऊ नये.

"वहिनी," नंदकिशोर दबक्या आवाजात म्हणाला, "त्या गोधडीत माझं जेवण आहे."

"काय?"

"क्विनोआ! पेंढ्यासारखा पुरलाय तिच्यात!"

विमलावहिनींनी पदर तोंडाला लावला. "अगो बाय माझे! भावजी, तुमच्या पाया पडतंय, पण आता मामाक उठवू नकात. एसटीत कंबर धरली त्यांची, रात्रभर कण्हत होते. आता कुठे डोळो लागलो. त्यांका कळला की आपण लोकांच्या जेवणाक टेकून बसलंय, तर अपमान झालो म्हणून चालते होतील. साखरपुडो मोडात माझ्या चेडवाचो, सुलक्षणाचो!"

नंदकिशोर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. एका बाजूला सुलक्षणाचा साखरपुडा, दुसऱ्या बाजूला स्वतःचा संसार, आणि मधे धाकूमामांची कंबर. त्याने ठरवलं की मामा कूस बदलतील तेवढ्यात गाठोडं काढून उशी सरकवायची. तो मामांच्या शेजारी मांडी घालून बसला. हातात उशी होती.

मामांनी कूस बदलली नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

"कोण तू?"

"मी समोरचा. गोगटे. ही गोधडी… आमची आहे."

"तुमची? रे झिला, हिच्यात घातलंस काय? विजेची पिशवी? माझी कंबर तीन वर्सांत एवढी सुटाक नाय!"

आता खरं बोलण्याची वेळ होती. नंदकिशोरने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हात जोडले.

"शेक आहे," तो म्हणाला. "अमेरिकन धान्याचा."

"धान्याचो शेक?"

"हो. मंद असतो. हळूहळू आत मुरतो."

"वासही बरो येता हो. औषधी आसा." धाकूमामांनी खोल श्वास घेतला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अगो सुंदरा! उठ! तुझो खांदो घेऊन हयसर ये!"

सुंदराबाई म्हणजे मामांची धाकटी बहीण. त्यांचा खांदा गेल्या शिमग्यापासून धरला होता. मामांनी मोठ्या मनाने गाठोडं बहिणीला दिलं. नंदकिशोरने ते घ्यायला हात पुढे केला, पण तोवर ते सुंदराबाईंच्या खांद्याशी पोहोचलं होतं. तिथून ते एका काकांच्या पोटरीवर गेलं. मग कोणाची तरी मान. पाहुणे झोपेतून उठून बसले आणि आपापली दुखणी सांगू लागले. गाठोडं कलतं झालं की नंदकिशोर "सांभाळून, सांभाळून, सरळ धरा" म्हणत पुढे झेपावायचा. त्यामुळे पाहुण्यांना वाटलं, हा माणूस मोठा जाणकार असावा. सुंदराबाईंनी त्याला जीभ काढून दाखवली.

"पथ्य काय पाळूचा?" त्यांनी विचारलं.

"गहू बंद करा," नंदकिशोर म्हणाला. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

बाळा या सगळ्याची मजा घेत होता. "नंदूदादा, बोर्ड लावू का खाली?"

"बाळा, माझी वाट लागली आहे. सासूबाई कुठल्याही क्षणी येतील. काहीतरी कर."

बाळा काही करणार, एवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "दोन मजले म्हणालीस, हे चार आहेत!" रुक्मिणीबाई एकेका पायरीवर थांबत वर येत होत्या. मागून शुभा, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. स्वतःचं दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही, हे पाहून शुभाने समोर डोकावलं. तिच्या खांद्यावरून रुक्मिणीबाईंनी डोकावलं. खोलीच्या मध्यभागी त्यांचे जावई गुडघ्यावर बसून एका अनोळखी गृहस्थांच्या मानेला गाठोडं लावत होते.

"ती माझी गोधडी," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

नंदकिशोरने गाठोड्याची नाडी आवळली. त्याच्या मदतीला धावून आले धाकूमामा.

"ह्यो तुमचो जावई? बाय, देवमाणूस आसा हो! ना ओळख, ना नातां, दुपारपासून सगळ्यांची सेवा करता. माझी कंबर ह्येनी सोडवली. तुमी बसा आधी. पाय लंगडतासात तो कित्याक?"

"गुडघा आहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "एसटीत आखडला."

"मग बघतंस काय?" मामा नंदकिशोरवर खेकसले. "घाल शेक!"

विमलावहिनींनी खुर्ची आणली. पुढे स्टूल ठेवलं. स्टुलावर गाठोडं, आणि गाठोड्यावर रुक्मिणीबाईंचा पाय. त्या आधी ताठ बसल्या होत्या. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी वाकून गोधडीचा हिरवा काठ चाचपला, जरा आत बोटांनी दाबलं, आणि मान वर केली.

"यात जिरं आहे का हो, जावईबापू?"

"आहे," नंदकिशोर म्हणाला. "सांध्यांना चांगलं असतं."

"हं," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

शुभा तेवढ्यात घरी जाऊन आली होती. ओट्यावर रिकामं पातेलं, त्याला चिकटलेले गाजराचे तुकडे, मोरीत फेसाचा ओघळ, टेबलावर दही नि केळी, एवढं तिने पाहिलं होतं. ती नंदकिशोरच्या कानाशी आली.

"अहो, जेवण कुठे आहे?"

"तुझ्या आईच्या गुडघ्याखाली."

शुभाने त्याच्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, खांदा चोळत शेजारी नंबर लावून बसलेल्या सुंदराबाईंकडे पाहिलं. मग तिने तोंडावर हात दाबला आणि ती वळून जिन्यात गेली. नंदकिशोर घाबरून मागे गेला. त्याला वाटलं, ती रडते आहे. ती कठड्याला धरून हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोटात कळ येईल म्हणून ती कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती. नंदकिशोरला आधी ओशाळल्यासारखं झालं, मग त्यालाही हसू आवरेना.

"मी तुला दोन वर्षं उगाच बोललो गं," तो मधेच म्हणाला.

"ते नंतर," शुभाने डोळे पुसले. "आधी गुडघा उचलू या. मला भूक लागलीय."

ती सरळ आत गेली. "आई, चल, उरलेला शेक घरी घे. इथे लोकांची अडचण होते."

"आणि माझो दुसरो नंबर?" धाकूमामांनी विचारलं.

"मामा, शेक लागोपाठ दोनदा घ्यायचा नसतो," शुभा म्हणाली. "कंबर उलटते. सकाळी नवा करून देतील हे."

कंबर उलटते म्हटल्यावर मामा एकदम समजुतीने वागले. त्यांनी स्वतः उठून गाठोडं दारापर्यंत आणून दिलं. ते कमरेवर हात न ठेवता चालले, हे पाहून विमलावहिनींनी देवाच्या तसबिरीला तिथूनच नमस्कार केला.

घरी आल्यावर सासूबाईंना बाहेर खुर्चीवर बसवून नंदकिशोर आणि शुभा स्वयंपाकघरात शिरले. नाडी सुटली. गोधडी, पंचा, वर्तमानपत्रं उलगडली. नंदकिशोरने श्वास रोखून कड्या उघडल्या. वाफ वर आली. दिवसभराच्या प्रवासात डबा कुठे गळला नव्हता. क्विनोआ फुलून मोत्यासारखा मोकळा झाला होता, दुधी पारदर्शक, डाळ अख्खी पण मऊ. इतक्या दुखऱ्या अवयवांनी आळीपाळीने ऊब राखल्यावर कुठलंही धान्य शिजलंच असतं. शुभाने चमचाभर चाखलं, आणि लगेच दुसरा चमचा भरला. नंदकिशोरला एवढं पुरे होतं.

ताटं मांडली. वर कोथिंबीर, बाजूला दही. रुक्मिणीबाई सावकाश जेवत होत्या. नंदकिशोर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. शुभाने पुन्हा वाढून घेतलं, ते त्यांनी पाहिलं. तिसऱ्यांदा घेतलं, तेही पाहिलं. ताक प्यायल्या, हात धुतले आणि केळं सोलता सोलता म्हणाल्या, "शुभाला काही मी नेत नाही."

नंदकिशोरच्या हातातला डाव ताटात पडला. "खरंच, आई?"

"कशाला नेऊ? तिच्या पोटाला मानवेल असं इथे मिळतंय. उगाच एसटीचे धक्के." त्यांनी केळ्याचा तुकडा मोडला. "तिच्याऐवजी मीच राहते दोन महिने. गुडघा बरा होईपर्यंत."

नंदकिशोरने शुभाकडे पाहिलं. शुभा आपल्या ताटात पाहत होती आणि तिचे खांदे पुन्हा हलायला लागले होते.

"राहा ना, आई," तो म्हणाला. "घर तुमचंच आहे."

"त्या मिशीवाल्या मामांनाही सकाळचा नवा शेक कबूल झालाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाय लांब केला, गुडघा हलवून बघितला आणि अगदी सहज विचारलं, "मग उद्या शेकायला काय शिजवणार आहात?"